को जागर्ति? : महाविद्यालयीन मुलांची झोप आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची रात्र जागण्याची. ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी आज घरोघर फिरते आणि जो जागा सापडेल त्याच्यावर प्रसन्न होते, अशी आपली परंपरागत समजूत आहे. येथे गुवाहाटीत आपल्या आसामी व बंगाली शेजाऱ्यांच्या घरीही आज लक्ष्मीची पूजा मांडलेली आहे. तेव्हा अशा रात्री झोपेविषयी बोलण्याचे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपवावे यातील विनोद माझ्या ध्यानात आला नाही असे नाही. चिटणिसांना मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, “साहेब, आपण वर्षातून एक रात्र जागतो. आपली मुले तीनशे पासष्ट रात्री जागतात. त्यांच्याबद्दल बोला.” यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आपणापुढे उभा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट. मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. साताऱ्यास बी. ए. झालो आणि पुढील तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखा खात्यात दुसऱ्यांच्या आकड्यांतील चुका शोधण्यात घालविली. मात्र या विषयात मी उतरलो तो हौसेने नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्यानंतर मिळेल ते वाचीत गेलो. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढचे बोलणे कोरडे होईल. चिरंजिवांची रीतसर परवानगी घेऊनच तो सांगत आहे.

परंतु त्याआधी थोडे मागे जातो, कारण फोनपायी रात्री जागणारी ही काही पहिलीच पिढी नव्हे. येथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. १९९४ साली माझी नेमणूक शिलाँगला झाली. त्या काळी दूरध्वनीचा दर रात्री अकरानंतर पाव होई. थंडीत कानटोपी घालून आम्ही पाच-सात परमुलुखी नोकरदार त्या पिवळ्या पाटीच्या एस्. टी. डी. बूथपुढे अकरा वाजण्याची वाट पाहत रांगेत उभे असू. इकडे मी रांगेत, आणि तिकडे वाईजवळच्या आमच्या गावी आई-वडील शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर फोनची घंटा वाजण्याची वाट पाहत जागे. माझा क्रमांक लागेतो कधी बारा वाजत. बोलणे तीन मिनिटांचे. समोरच्या यंत्रावर तांबडे आकडे पळत असत आणि त्या आकड्यांची धास्ती अशी, की आई “जेवतोस ना वेळेवर?” एवढे विचारून स्वतःच फोन ठेवून देई. आठवड्यातून एक रात्र मोडे. परंतु खोलीवर परत येताच गाढ झोप लागे. आज आपल्या मुलांच्या हातातील यंत्रात ते तांबडे आकडे नाहीत. फोन खाली ठेवा असे सांगणारे त्यात काहीच नाही. माझ्या मते साऱ्या बदलाचे मूळ येथे आहे.

आता तो प्रसंग. आमचा मुलगा परप्रांतातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला तेव्हा त्याचा दिनक्रम पाहून मी थक्क झालो. दुपारी बारापर्यंत निद्रा, संध्याकाळी सुस्ती आणि मध्यरात्रीनंतर खोलीत तो निळसर उजेड. सौभाग्यवतीचे म्हणणे, “लेकरू दमलंय, निजू द्या.” माझे म्हणणे अर्थातच निराळे होते. चार दिवस उपदेश केला. पाचव्या रात्री अकरा वाजता त्याच्या खोलीत जाऊन हात पुढे केला आणि म्हणालो, “फोन दे.” वाद होईल अशी माझी अपेक्षा होती. त्याने निमूटपणे फोन दिला. मी तो कपाटात कुलूपबंद केला आणि एखादे थकलेले प्रकरण निकालात काढल्याच्या समाधानाने निजलो.

रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. त्याच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. आत अंधार होता आणि अंधारात तो पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. हातात फोन नाही, पुस्तक नाही. नुसता बसला होता. मी विचारले, “काय रे, झोप येत नाही?” बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा, डोळे मिटले की तो पेपर दिसतो.”

हळूहळू सारे बाहेर आले. नोव्हेंबरातील सत्र परीक्षेत साडेनऊचा पेपर होता. पहाटे पाचपर्यंत जागून अभ्यास केला, मध्ये मध्ये फोन चालूच. पाचला क्षणभर आडवा झाला तो अकराला वीस मिनिटे कमी असताना जागा झाला. खोलीतला सोबती दुसऱ्या शाखेचा, त्याचा त्या दिवशी पेपर नव्हता. तो सुटीसाठी निघून गेलेला. धावत परीक्षागृहाशी गेला तर नियमाप्रमाणे प्रवेश नाकारला गेला. विषय राहिला. ही गोष्ट त्याने आम्हाला सहा महिने सांगितली नाही. या सहा महिन्यांत मी रोज रात्री साडेनऊला त्याला फोन करीत होतो आणि रोज एकच प्रश्न विचारीत होतो, “अभ्यास कसा चाललाय?” तो रोज “ठीक” म्हणत होता. लेखापरीक्षणात माझे आयुष्य गेले. पण त्या “ठीक”ची तपासणी करावी असे माझ्या मनात आले नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. फोनमुळे झोप येत नाही, असे मी धरून चाललो होतो. फोन काढून घेतला तरी झोप आली नाही. मनात जे बोचत होते ते दिसू नये म्हणून तो फोन समोर धरीत होता. फोनमुळे जागरण होई, जागरणामुळे दुसऱ्या दिवशीचा अभ्यास बुडे, आणि बुडालेल्या अभ्यासाची भीती पुन्हा रात्री उशाशी येऊन बसे. आमचा इलाज म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा होता. तथापि फोन निर्दोष आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याचा दोष कोठे आहे ते आता पाहू.

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे, ही आता कल्पनेची गोष्ट राहिलेली नाही. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच घड्याळाची पेशीतील यंत्रणा फळमाशीवर प्रयोग करून उलगडल्याबद्दल. मनुष्याच्या मेंदूच्या तळाशी एक अगदी लहानसे केंद्र या घड्याळाचे नियमन करते आणि त्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम करतो प्रकाश. अंधार पडला की मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते. १९५८ साली ॲरन लर्नर यांनी ते प्रथम वेगळे केले. ते द्रव्य शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. या शतकाच्या आरंभी असे दिसून आले की डोळ्याच्या पडद्यात पाहण्याशी फारसा संबंध नसलेल्या काही पेशी आहेत. उजेड आहे की अंधार एवढीच बातमी त्या मेंदूच्या घड्याळाला देतात, आणि निळसर प्रकाशाला त्या विशेष संवेदनशील असतात. फोनच्या पडद्यातून असा निळसर प्रकाश पुष्कळ येतो. रात्री बारा वाजता तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरणे म्हणजे आतल्या पहारेकऱ्याला अजून दिवस मावळला नाही असे खोटे सांगणे होय.

बोस्टन येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला उद्‌बोधक वाटला. बारा व्यक्तींना त्यांनी झोपण्यापूर्वी चार तास, पाच रात्री प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचावयास दिले आणि पाच रात्री छापील पुस्तक. पडद्यावर वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले, त्यांचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले आणि सकाळी त्यांना जड वाटे. परंतु झोप लागण्यास जो अधिक वेळ लागला तो होता सरासरी दहा मिनिटे. यावरून मी माझ्यापुरता असा निष्कर्ष काढला की प्रकाश हा चोर खरा, पण किरकोळ चोर. दहा मिनिटांनी कोणाचे वर्ष बुडत नाही. मोठा दरोडा घालतो तो पडद्यावरचा मजकूर. त्याला शेवट नाही.

आपण पूर्वी जे काही वाचीत वा पाहत होतो त्याला शेवट होता. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येई. कादंबरी संपे. दूरदर्शनचा कार्यक्रमसुद्धा रात्री संपे आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागत. मग कोणी न सांगताही सगळे उठत. २००६ साली आझा रास्किन नावाच्या तरुण तंत्रज्ञाने पान खाली सरकवीत गेले की पुढचा मजकूर आपोआप येतच राहावा अशी युक्ती काढली. पुढे त्याने स्वतःच याबद्दल खेद व्यक्त केला. पण युक्ती जगभर पसरली ती पसरलीच. २०१७ साली नेटफ्लिक्स या चित्रपट-मालिका पुरविणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने तर आपली स्पर्धा झोपेशी आहे असे उघडपणे सांगितले. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि काही वर्षांनी रात्री बारा ते सकाळी सहा अमर्याद वापराची सवलत देणाऱ्या योजना निघाल्या. माझ्या काळातील पाव दराची सवलत आणि ही सवलत यांत फरक असा, की तेव्हा रात्रीची सवलत संपर्कासाठी होती. आता विद्यार्थ्याची रात्र हाच बाजारातील माल झाला आहे. मोठमोठे बुद्धिमान लोक पगार घेऊन ज्या कामाला लागले आहेत, त्यांच्याविरुद्ध एकोणीस वर्षांच्या पोराने केवळ मनोनिग्रहाच्या बळावर टिकाव धरावा अशी अपेक्षा आपण करतो. मला ती आता अन्यायाची वाटते.

वयाचाही एक भाग आहे, आणि तो वाचून मला थोडे वरमल्यासारखे झाले. तारुण्यात पदार्पण करताना मुलांचे हे आतले घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. अमेरिकेतील मेरी कार्स्कॅडन यांनी यावर आयुष्यभर काम केले. हे सरकणे साधारण विसाव्या वर्षाच्या सुमारास टोकाला पोहोचते आणि मग घड्याळ हळूहळू पुन्हा लवकरकडे येऊ लागते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी रात्री बाराला झोप न येणे यात आळस किंवा दुर्गुण असतोच असे नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी मी पहाटे पाचला उठतो त्यात माझे पुण्यही तितकेसे नाही. पहाटे उठण्याचा दाखला मी मुलाला वर्षानुवर्षे देत आलो होतो. तो आता देत नाही.

आता ताणाविषयी. झोप म्हणजे शरीराने पहाऱ्यावरून उठणे. धोका आहे असे मनाला वाटत असेल तर पहारेकरी उठत नाही; नाडी जलद चालते, कॉर्टिसोलसारखी द्रव्ये रक्तात वाढतात आणि शरीर सज्ज राहते. वाघ आला असता तर हे उपयोगी पडले असते. पण आपल्या मुलांचा वाघ म्हणजे राहिलेला विषय, नोकरीच्या मुलाखतींसाठी कंपन्यांनी लावलेली गुणांची अट, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, आणि सोबतच्या मुलाला मिळालेल्या पगाराचा आकडा, जो त्याच पडद्यावर झळकतो. हा वाघ पहाटेही निघून जात नाही. त्यातच रात्री दहाला कॉफी पिण्याची चाल आहे. कॉफीतील कॅफीन निम्मे उतरावयास साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे तीनलाही अर्धा पेला पोटात शिल्लक असतो असे समजा.

संस्थांचाही येथे वाटा आहे. हल्ली विद्यार्थ्यांचे निबंध आणि प्रकल्प संगणकावर स्वीकारले जातात आणि पुष्कळ ठिकाणी मुदत असते रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची. आमच्या खात्यात टपाल स्वीकारण्याची खिडकी सायंकाळी बंद होते. ज्ञानदान करणाऱ्यांनी ती मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवावी आणि सकाळी आठला व्याख्यानाची हजेरी घ्यावी, यामागचा विचार मला कळलेला नाही. २०२० साली महासाथ आली तेव्हा वर्ग फोनवर भरू लागले आणि त्याआधी जे यंत्र आपण मुलांपासून दूर ठेवीत होतो ते आपणच त्यांच्या हाती दिले. वर्ग पुन्हा शाळेत गेले. यंत्र हातातच राहिले.

झोप गेली तर काय बिघडते, असे मुले विचारतात. १९२४ सालचा एक साधा प्रयोग आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन, होय, दोनच विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयास लावल्या आणि काही तासांनी तपासणी घेतली. मधला वेळ जागेपणी गेला असेल तर बरेचसे विसरले जाई. झोपेत गेला असेल तर पुष्कळ अधिक टिके. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या गोष्टीला सर्व बाजूंनी पुष्टी मिळाली आहे. दिवसा शिकलेले रात्री झोपेत मेंदूच्या दप्तरी नीट लावले जाते. जो रात्रभर जागून वाचतो तो कागद जमवितो खरा. पण फायलीला लावावयास कारकून जागेवर नसतो.

याहून मोलाचा वाटला तो २०१९ साली अमेरिकेतील एम्. आय्. टी. संस्थेत झालेला अभ्यास. विद्यार्थ्यांच्या मनगटावर यंत्र बांधून एका सत्रभर त्यांच्या झोपेची नोंद ठेवली. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो त्याआधीच्या महिनाभराच्या झोपेचा, तिच्या दर्जाचा आणि नियमितपणाचा. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे सहज पटेल. वर्षभराचा हिशेब ३१ मार्चच्या रात्री जागून जुळत नसतो. त्या रात्री जागतात ते केवळ आपली वर्षभराची झोप उघडी पडू नये म्हणून.

आणि एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. सतरा तास सलग जागलेल्या मनुष्याची हालचाल आणि लक्ष हे रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्याइतके मंदावते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखविले. आपल्या कायद्याची वाहनचालकासाठी मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. सकाळी आठला उठलेला मुलगा रात्री एकला चहा प्यायला म्हणून मोटारसायकल काढतो तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. त्याला कोणी अडवीत नाही, कारण त्याच्या तोंडाला वास येत नाही.

आपण येथे पूर्वेकडे राहतो याचाही या विषयाशी संबंध आहे. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले. आपला सूर्य मात्र त्याच्या आधी सदतीस मिनिटे येतो आणि जातो. डिसेंबरात साडेचारला येथे दिवेलागण होते, जूनमध्ये पहाटे साडेचारला ऊन पडते. म्हणून आसामातील चहामळ्यांनी आपले ‘बागान टाइम’ एक तास पुढे ठेवले. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतीय मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना असे आढळले की जेथे सूर्य तासभर उशिरा मावळतो तेथील शाळकरी मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण निजतात उशिरा आणि शाळा मात्र सर्वत्र त्याच वेळी भरते. म्हणजे पश्चिमेकडील आपल्या भाचरांपेक्षा येथील मुलांना झोपेचे वरदान अधिक मिळावयास हवे होते. पूर्वी मिळतही असावे. मी १९९४ साली शिलाँगला आलो तेव्हा रात्री नऊला गल्ल्या निजलेल्या असत. आज येथील मुलगा साडेचारला मावळलेला सूर्य हातात धरून रात्री दोनपर्यंत बसतो आणि खरा सूर्य उन्हाळ्यात साडेचारला त्याच्या खिडकीत हजर होतो. दोन्ही बाजूंनी त्याची रात्र कुरतडली जाते. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना सात ते नऊ तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात. हिशेब आपणच करावा.

झोपेचे महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हते असे नाही. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति निजणाऱ्याप्रमाणेच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे. आपण उपदेश करताना पहिला अर्धाच तेवढा वापरतो. अलीकडे, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदानाच्या प्रकरणात निद्रा हा मनुष्याचा मूलभूत हक्क मानला. असो.

आता आपल्याकडे वळतो. फोन कपाटात ठेवला त्या रात्रीनंतर दोन-तीन दिवसांनी चिरंजिवांनी माझाच फोन माझ्यापुढे धरला. आपल्या मंडळाच्या समूहावर मी चंद्र, समई आणि ‘शुभ रात्री’ असे चित्र पाठविले होते. वेळ रात्री बारा वाजून चाळीस मिनिटे. दुसऱ्या दिवशीचे ‘सुप्रभात’ पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचे. तो एवढेच म्हणाला, “बाबा, तुमची झोप साडेचार तास.” मी रागावणार होतो, पण आकडे बरोबर होते.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणा लोकांची यात एक वेगळी अडचण आहे, ती बोलून दाखवितो. आमच्या लहानपणी मुलगा शिकावयास पुण्याला गेला तरी तेथे कोणी आत्या असे, कोणी मावशी असे. रविवारी तिच्याकडे जेवावयास जाणे सक्तीचे. पोराचे डोळे खोल गेले आहेत हे ती ताट वाढता वाढता ओळखी आणि आठ दिवसांत ती बातमी पोस्टकार्डाने घरी पोहोचे. आपली मुले जेथे शिकतात तेथे आत्या नाही. आणि आपण स्वतः जेथे राहतो तेथेही आपले असे कोणी नाही, म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वी येथील चार घरांनी हे मंडळ काढले. आत्याची जागा आपण फोनला दिली. फोनवर आवाज ऐकू येतो, चेहराही दिसतो. परंतु डोळे खोल गेलेले दिसत नाहीत, कारण मुलगा दिवा मागे ठेवून बसतो. शिवाय आपण गाव सोडून इतक्या दूर आलो ते कशासाठी, तर मुलांसाठी, हे वाक्य आपल्या घरांतून फार वेळा उच्चारले जाते. त्याचे ओझे किती होते ते मला त्या अडीच वाजताच्या अंधारात कळले. विषय राहिल्याचे त्याने का सांगितले नाही, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही एवढ्या लांब राहिलात, ते वाया गेलं असं वाटलं असतं तुम्हाला.”

आम्ही काय केले ते विचाराल म्हणून सांगतो. हे सर्वांस लागू पडेल असा माझा दावा नाही. फोन काढून घेणे बंद केले. त्याऐवजी तिघांचेही फोन रात्री साडेदहाला बैठकीच्या खोलीत एकाच ठिकाणी चार्जिंगला लावावयाचे ठरले, माझाही. उठण्यासाठी घंटेचे जुने घड्याळ आणले, कारण गजराचे निमित्त करूनच फोन उशाशी येतो. निजण्याची वेळ ठरविली नाही, उठण्याची ठरविली, आणि उठल्यावर अर्धा तास उन्हात फिरणे; उजेडाने घड्याळ बिघडते तसे ते सुधारतेही. आणखी एक उपाय मी वाचला होता. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाने २०१८ साली सत्तावन्न तरुणांवर असे पाहिले की झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा, सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. चिरंजिवांनी प्रथम हसून सोडून दिले. तेव्हा मी त्याला म्हणालो, कचेरीत एखादी बाब टिपणावर चढली की ती डोक्यातून उतरते, एवढे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. पहिल्या रात्री त्याच्या यादीत एकच ओळ होती, राहिलेल्या पेपरच्या अर्जाची तारीख विचारणे. ती तारीख सहा महिने त्याने विचारली नव्हती.

या उपायांनी ज्यांचे भागत नाही अशीही मुले असतात. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, बोलण्यात निराशा असेल, जेवण सुटले असेल, तर कृपा करून घड्याळे आणि याद्या यांवर वेळ दवडू नये, डॉक्टरांस दाखवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मनःस्वास्थ्यासाठीची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. रात्रीही उत्तर मिळते. तो क्रमांक मुलांजवळ असू द्यावा, आणि तो दिल्याने आपल्या घराण्याला कमीपणा येतो असे कोणी मानू नये.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. वसतिगृहात परत गेल्यावर बैठकीची खोली नसते आणि साडेदहाला तर तेथे दिवस सुरू होतो. मुलाचे महिन्यातील काही दिवस बरे जातात, काही पूर्वीसारखेच जातात. राहिलेला विषय मात्र पुढच्या वर्षी सुटला. रात्री साडेनऊचा माझा फोन मी बंद केला. आता तोच रविवारी सकाळी फोन करतो. अभ्यासाविषयी मी विचारीत नाही. बहुधा तोच सांगतो. गेल्या रविवारी त्याने मला विचारले, “बाबा, काल किती वाजता निजलात?” मी म्हणालो, “अकराला.” सौभाग्यवती शेजारीच बसली होती, तिने फोन हातात घेऊन खरी वेळ सांगितली.

चिटणीस दाराशी येऊन खूण करीत आहेत, म्हणजे दूध आटले असावे. चंद्रही गच्चीवर आलेला दिसतो. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी वरच विचारावे.